मदत हवी आहे: बारावीनंतर आर्ट कॉलेजांची यादी कशी करायची?

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे, मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे पण तिचा सगळा जीव चित्रातच, आयर्विन पुलाचं चारकोलमधलं चित्र तर असं काढलंय की पाण्यातल्या कमानी हलताना दिसतात. आता यादी करतोय. मुंबईचं जे.जे., बडोद्याचं फाइन आर्ट्स आणि एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) ही मोठी स्वप्नं, मधलं म्हणून पुण्याचं अभिनव, आणि जवळचं कोल्हापूरचं कलानिकेतन, एवढं पुरे का अजून एखादं घालावं? बीएफएची (चित्रकलेच्या पदवीची) सीईटी आणि एनआयडीची डॅट या दोन्ही प्रवेश परीक्षांची तयारी एकत्र झेपते का, कारण एनआयडीच्या मेन्सला, म्हणजे दुसऱ्या फेरीला, हातानं वस्तू बनवायची स्टुडिओ टेस्ट असते आणि हिला कागद-पेन्सिल सोडून मॉडेल करायची अजिबात सवय नाही. हॉस्टेलचा खर्चही बघायचाय. कुणाची मुलं तिथं शिकत असतील तर प्लीज सांगा.