आधी फाटक उघडू या

चर्चमध्ये नवी वाद्यं आणि प्रोजेक्टरचा पडदा आणला की उपासनेला गर्दी होईल, असं कुणी कुणी म्हणतं. मला नाही पटत. आमच्या चर्चमध्ये रविवारी पुढचे तीनच बाक भरायचे, बाकी सहा दिवस फाटकाला कुलूप. मग पाळकांनी दुपारी पडवी उघडी ठेवली. वस्तीतली मुलं अभ्यासाला बसू लागली. त्यांना न्यायला येणाऱ्या आज्यांसाठी आमच्या मावशी आल्याचा चहा टाकतात. याच पुण्यात १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकायचं प्रकरण, झालं होतं. आता सगळ्याजणी एका बाकावर बसून बशीतून चहा पितात, ते बघून मला भरून येतं. मात्र कुणाला धर्मात ओढायचा हेतू मनात नको, शेजाऱ्यांना ते लगेच कळतं. गेल्या पावसाळ्यात आमच्यातले एक आजोबा आजारी होते, त्यांचा डबा यातल्याच एक आजी पोचवायच्या.