चिठ्ठ्यांचं कपाट आणि टँकरची गोष्ट

(सोसायटीचा ग्रुप, मे महिन्यातला शनिवार-रविवार)

*शनिवार*

सेक्रेटरी (सी-७०२): नमस्कार. उद्या नळाला पाणी येणार नाही, टँकर मागवले आहेत. जपून वापरा. दुसरं, क्लब हाऊसमधल्या पुस्तकांच्या कपाटाबद्दल दोन तक्रारी आल्यात. देशपांडे मॅडमनी लक्ष घालावे.

देशपांडे मॅडम (बी-१०१): कसली तक्रार? वाळवी लागली का?

सेक्रेटरी: वाळवी नाही. चिठ्ठ्या.

आरवचे बाबा (बी-४०४): त्यातली एक माझी. लोकांनी प्रेमाने पुस्तकं दिलीत आणि आत चिठ्ठी निघते, 'पहिली ३० पानं बोर आहेत, ३१ पासून वाचा.' देणाऱ्याला काय वाटेल?

कुलकर्णी आजोबा (ए-५०१): देणारा मीच. काही वाटलं नाही. काल दुपारी ३१व्या पानापासून वाचून बघितलं. पोरगं बरोबर बोलतंय.

देशपांडे मॅडम: ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परीक्षा संपल्या तेव्हा मी कपाटाची किल्ली ओवीच्या हातात दिली. नियम दोनच. पुस्तक नेताना वहीत नाव आणि फ्लॅट नंबर. परत आणताना आत एक चिठ्ठी, पुढच्या वाचणाऱ्यासाठी. माझ्यासाठी नाही, आईबाबांसाठी तर अजिबात नाही. शाळेत मी तीस वर्षं पुस्तक-परीक्षणं तपासली. 'हे पुस्तक मला खूप आवडले, यातून चांगला बोध मिळाला.' चाळीस मुलांचं एकच वाक्य. या कपाटात दीड महिन्यात बोध एकदाही सापडलेला नाही, आणि मी फार खूश आहे.

सी-३०१: पांढरी ॲक्टिव्हा कुणाची आहे? गेटच्या वळणावर लावलीय.

ओवीची आई (ए-३०४): मॅडम, मी काल कपाट आवरताना काही चिठ्ठ्या वाचल्या. टाकू का इथे? जाम भारी आहेत.

श्यामची आई: 'साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात ५ दिवसांत लिहिलं. मला वाचायला १९ दिवस लागले. मधे मधे थांबावं लागतं. बसमध्ये वाचू नका, लोक बघतात.'

तोत्तोचान: 'हिची शाळा आगगाडीच्या डब्यांत भरते. पहिल्या दिवशी हेडमास्तर हिची बडबड ४ तास ऐकतात. खरं घडलंय, जपानमध्ये. आमच्या सरांना द्यायचं होतं, पण शाळेत न्यायचं नाही असं ठरलंय. – झोया'

राधाचं घर: 'माझ्या बहिणीने मला वाचून दाखवलं. ती ५ वर्षांची आहे, तिला वाचता येत नाही. चित्रं बघून वाचलं. शब्द सगळे चुकले पण गोष्ट बरोबर होती.'

फास्टर फेणे: 'हा फुरसुंगीचा आहे!!! आपला टँकर येतो तीच फुरसुंगी. हा सायकलवर असतो आणि जीभ टाळूला लावून ट्टॉक करतो. मी केलं. येतं.'

कुलकर्णी आजोबा: शेवटची कुणाची?

ओवीची आई: नाव नाही त्यावर. अक्षर सुरेख आहे पण.

आरवचे बाबा: आमच्या आरवचं एकही नाव नाही यात. इंग्लिश धडाधड वाचतो. मराठी पुस्तक हातात दिलं की अक्षरं जोडत बसतो, दोन ओळींत वैतागतो. काय करावं?

झोयाचे पप्पा (सी-२०३): प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट बघा. फुकट आहे. पातळ्या आहेत, एक ते चार. बऱ्याच गोष्टी मराठीतही सापडतात, इंग्लिशमध्येही. झोया अशीच शिकली. तिची अम्मी तीच गोष्ट उर्दूत वाचायची. मग दोघी भांडायच्या, कुणाच्या भाषेतला वाघ जास्त घाबरवतो यावर.

कुलकर्णी आजोबा: आरवच्या हातात पुस्तक देऊच नका. त्याच्यासमोर तुम्ही मोठ्याने वाचा. विंदांचं 'एटू लोकांचा देश' घ्या, वरच्या फळीवर आहे. पुढे ज्ञानपीठ मिळालेला कवी, पण पोरांसाठी लिहिताना जो वेडेपणा केलाय! वाचताना तुम्हीच हसाल, मग तो विचारेल काय झालं. आणि 'किशोर' विसरू नका. बालभारतीने १९७१ साली सुरू केलं, जुने अंक त्यांनी इंटरनेटवर ठेवलेत. मी रोज एक उघडतो. नातवासाठी म्हणून उघडतो.

आरवचे बाबा: नातू अमेरिकेत ना?

कुलकर्णी आजोबा: हो. म्हणून मीच वाचतो.

*रविवार*

ओवीची आई: गुड मॉर्निंग! आपल्या मुलांनी चक्क हस्तलिखित काढलंय! अंक पहिला, एकच प्रत. कपाटात आहे. मुखपृष्ठ झोयाचं. दोन विनोद, एक शब्दकोडं (उत्तरं लिहायची राहिलीत) आणि ही गोष्ट. फिक्या पेन्सिलीत आहे, फोटोत दिसत नाही, म्हणून टाइप करते. जरूर वाचा.

*टँकरचं रहस्य*

*सकाळी ५.४० ला टँकर येतो. तेव्हा सगळी बिल्डिंग झोपलेली असते. बाबा आणि मी जागे असतो. आज टँकरच्या मागून फास्टर फेणे सायकलवर आला. त्याने डायवरला विचारलं, यात पाणी किती. डायवर म्हणाला, १०,००० लिटर. फेणे म्हणाला, ट्टॉक, मग ही रेघ कसली? फुरसुंगीपासून गेटपर्यंत रस्त्यावर ओली रेघ होती. फेणे त्या रेघेवरूनच आला होता. त्याला पत्ता विचारावा लागला नाही. चौकात रेघ जाड झाली होती कारण तिथे टँकर सिग्नलला थांबला होता.*

*मग फेणे शिडीने वर चढला. झाकण काढून त्याने काठी बुडवली. काठीवर दोन खुणा होत्या. पाणी वरच्या खुणेला पाहिजे होतं. ते खालच्या खुणेला होतं. डायवर म्हणाला, सही करा. बाबांनी सही केली. सेक्रेटरी साहेब झोपले होते.*

*फेणे म्हणाला, तुम्ही सही का केली? बाबा म्हणाले, तू सायकलवर आलास. तू जाशील. मला इथेच राहायचं आहे.*

*(क्रमशः)*

ए-२०२: वा वा! खूपच छान!

बी-५०३: छान. 'डायवर' नाही, 'ड्रायव्हर'. शुद्धलेखनाकडे लक्ष द्या मुलांनो.

सी-४०४: गोड. पण हे कॉपी झालं ना? फास्टर फेणे तर दुसऱ्यांचा आहे.

देशपांडे मॅडम: अहो, लिहायला लागताना सगळेच दुसऱ्याचा नायक उसना घेतात. मी पाचवीत ताम्हनकरांच्या गोट्याला आमच्या वाड्यात आणून विहिरीत पाडलं होतं. स्वतः भा. रा. भागवतांनीही ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या हातात दिलाच की. त्यात फेण्याला टँकरमागे पाठवणं भागवतांना सुचलं नसतं, त्यांच्या फुरसुंगीला टँकर नव्हते. आणि 'डायवर' तसाच राहू द्या. गेटवर तोच शब्द आहे.

बी-५०३: मुलगा कुणाचा पण? फ्लॅट नंबर?

ओवीची आई: वहीत बघते. समाधान, सातवी. फ्लॅट नंबरच्या रकान्यात लिहिलंय 'गेट'.

सेक्रेटरी: हे काय चाललंय? म्हणजे हा आपल्या वॉचमनचा मुलगा. आणि ग्रुपवर दीडशे लोकांसमोर मी झोपलेला असतो आणि टँकरमध्ये घोटाळा होतो, असं चाललंय. कपाट सभासदांसाठी आहे असा माझा समज होता.

सी-४०४: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

झोयाचे पप्पा: सेक्रेटरी साहेब, वहीतला रकाना मुलांनी आखलाय. त्यांना जे बरोबर वाटलं ते त्यांनी लिहू दिलं. कपाटातली निम्मी पुस्तकं आजोबांची. त्यांना विचारा कुणी वाचावीत.

कुलकर्णी आजोबा: ज्याला वाचता येतं त्याने. या सोसायटीत मराठी माध्यमातला तो एकटाच आहे बहुतेक. दीड महिन्यात अकरा पुस्तकं नेलीत त्याने, वही बघा.

ए-२०२: विषय थोडा बदलते. सुट्टीत मुलांना भिलारला नेऊया का? पाचगणीजवळ, पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कुठेही बसून वाचायचं. बस केली तर परवडेल.

ओवीची आई: मी ओवी टाइप करतेय. आई, तू न विचारता का टाकलंस? अंकाच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'मोठ्यांनी विचारून वाचावे.' आम्ही लाल पेनने लिहिलंय. समाधान सकाळपासून बाहेर येत नाहीये.

ओवीची आई: सॉरी. मेसेज काढला आहे. पण दोन जणांनी आधीच पुढे पाठवलाय असं दिसतंय. मला फक्त कौतुक वाटलं हो.

देशपांडे मॅडम: कौतुकच होतं, मला माहीत आहे. पण झालं काय ते सांगते. दुपारी दोन वाजता समाधानचे वडील माझ्या दारात आले. रात्रपाळी करून झोपायची वेळ त्यांची. हातात फास्टर फेणे, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. म्हणाले, 'पोराचं चुकलं, मॅडम. पुस्तक जमा करून घ्या, परत नाही लिहिणार तो.' मी घेतलं नाही. म्हटलं, नियमाप्रमाणे चिठ्ठी आणली तरच जमा होतं.

दारात उभे होते. आत या म्हटलं तर चप्पल काढायला तयार नाहीत. मला विचारतात, 'गोष्ट चांगली आहे का पण?' मी सांगितलं, शेवटची दोन वाक्यं मी तीस वर्षांत कुठल्या वहीत वाचली नाहीत. ते म्हणाले, 'ते मी खरंच म्हटलं होतं. त्याने ऐकलं असेल.'

मुलांनी एकमेकांसाठी लिहिलेलं आपण उचलून मोठ्यांच्या चावडीवर आणलं. तिथे लगेच शुद्धलेखन, कॉपी, सभासदत्व, सगळं आलं. यात मीही आले, 'डायवर'वर मी व्याख्यान दिलंच.

कुलकर्णी आजोबा: मी या सोसायटीचा सहा वर्षं खजिनदार होतो. टँकरची बिलं मीच पास केली. एकदाही शिडी चढलो नाही. नुसतं सांगून ठेवतो.

*रात्र*

आरवचे बाबा: एक सांगायचं होतं. आरव दुपारी तो अंक घरी घेऊन आला (वहीत नोंद केलीय). पेन्सिलीतली ती गोष्ट त्याने अक्षरं जोडून जोडून पूर्ण वाचली. चाळीस मिनिटं लागली. मी मदतीला गेलो तर हाकलून दिलं. 'खुणेला' वर अडला होता, मग बाल्कनीत जाऊन ओवीला ओरडून विचारलं. आता मला विचारतोय 'क्रमशः' म्हणजे काय. सांगितलं. तर म्हणतो, मग पुढचा भाग कधी? काय सांगू?

देशपांडे मॅडम: समाधान म्हणतोय नाही लिहिणार.

ओवीची आई: मी ओवी. तो लिहिणारे. आरवने त्याला चिठ्ठी लिहिलीय, मराठीत. त्यात सहा चुका आहेत, आम्ही दुरुस्त केल्या नाहीत. पण दुसरा भाग ग्रुपवर येणार नाही. कपाटात येईल. ज्याला वाचायचा त्याने वहीत नाव लिहायचं.

झोयाचे पप्पा: माझं नाव लिहा. सी-२०३.

ए-२०२: माझंही. भिलारचं मनावर घ्या कुणीतरी.

सेक्रेटरी: दुपारी मी जरा तावातावाने लिहिलं. गोष्टीत माझं नाव नाही, पद आहे. आणि ५.४० ला मी झोपलेलो असतो हे खरं आहे. वॉचमनशी मी बोललो, नोकरीचा काही प्रश्न नाही. ते अजून घाबरलेलेच वाटले. उद्या सकाळी पुन्हा टँकर आहे, मी स्वतः खाली येतो आणि सही मी करतो. ती काठी कुठे असते?

ओवीची आई: मी ओवी. काठी फेण्याची आहे, काका. समाधानकडे झाडूचा दांडा आहे. क्लब हाऊसच्या दारामागे. त्यावर खडूने दोन खुणा केल्यात, ओल्या हाताने धरू नका, पुसतात.

सेक्रेटरी: बरं.

सेक्रेटरी: वरची खूण कशी ठरवली?

ओवीची आई: एकदा एक टँकर पूर्ण भरून आला होता. तेव्हा.

सी-३०१: ती पांढरी ॲक्टिव्हा अजून वळणावरच आहे. ५.४० च्या आत काढा, टँकर आत वळत नाही.