वाद्य तेच, रीत वेगळी

फिडल आणि व्हायोलिन वेगळी वाद्यं का, असं कुणीतरी विचारलंय. वाद्य एकच हो, वाजवायची रीत वेगळी. माझ्या भाचीला ती अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या गॅलॅक्स गावी उमगली. तिथे १९३५ साली सुरू झालेला फिडलवाल्यांचा मेळा ऑगस्टमध्ये भरतो. स्पर्धा मंचावर, पण खरी गंमत तंबूंच्या गल्ल्यांत! नोटेशनचा कागद कुणाकडेच नाही. एका आजोबांनी तिच्या व्हायोलिनच्या खालच्या सुरांच्या दोन तारा एकेक स्वर चढवून दिल्या आणि एकच धून फिरवत राहिले. पोरगी आधी नुसताच गज घासत होती. दहाव्या-बाराव्या फेरीला सूर सापडले. त्यांच्या फिडलच्या पोटात रॅटलस्नेक सापाची शेपटी खुळखुळत होती (तिकडचा जुना रिवाज). आता भाची घरीही त्या तारा परत खालच्या सुरात उतरवू देत नाही, क्लासच्या बाई वैतागल्यात.