‘बर्फातले देऊळ’ की ‘हिमातील मंदिर’?

दौतटाक: जपानी चित्रकार हिरोशिगे यांच्या १८५६ सालच्या ‘असाकुसा किन्र्यूझान’ या लाकडी ठशाच्या चित्राचा परिचय मी मराठीत लिहीत आहे. वर टांगलेला मोठा तांबडा कंदील, पलीकडे सेन्सोजी देवळाचे लाल द्वार, उजवीकडे पाचमजली पॅगोडा आणि या सगळ्यावर साचलेला पांढरा थर. मी ‘बर्फातले देऊळ’ असे लिहिले, पण संपादकांनी ‘बर्फ म्हणजे लादीचा, येथे हिम हवे’ असे म्हणून शब्द बदलला. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

रानवारा: मला तो आक्षेप पटत नाही. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारा भुसभुशीत बर्फच, गोठून घट्ट झालेल्या पाण्याला तिथे ‘यख’ म्हणतात. आपल्याकडे बर्फ पडत नसल्यामुळे लादीचा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला असावा.

परिमार्जन: हिवाळा, हिवताप, हिंव या सगळ्यांत ‘हिम’ आहेच. घरचा शब्द असताना फारसीचा आधार कशाला?

रानवारा: हिंव अंगात भरते, छपरावर साचत नाही. आणि ‘हिम’ म्हटले की मला हिमालय दिसतो, छत्र्या घेऊन देवळाकडे निघालेली माणसे दिसत नाहीत.

सागवान: मला ‘लाकडी ठशाचे चित्र’ हा प्रचलित शब्द अधिक खटकतो. आमच्या आजोळी कापड छापण्याचे ठसे होते. ठसा रंगात टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि मुठीने वरून ठोकायचा. जपानी पद्धतीत चेरीच्या लाकडाची कोरलेली फळी खाली असते, तिला रंग लावून वर कागद पसरतात आणि त्याच्या पाठीवर ‘बारेन’ नावाची चकती घासतात. म्हणजे ठसा कागदावर उतरत नाही, कागदच फळीवर जातो. म्हणून ‘छापचित्र’ म्हणावे.

परिमार्जन: ‘काष्ठमुद्राचित्र’ अधिक नेमके होईल.

सागवान: मुद्रा म्हटले की राजाचा शिक्का आठवतो. शिवाय या चित्रातले पडते कण पाहा: तेवढ्या जागेचे लाकूड कोरून काढले आहे, तिथे रंग लागतच नाही, आणि जो दिसतो तो कोऱ्या कागदाचा पांढरेपणा. जे छापलेलेच नाही त्याला मुद्रा कशी म्हणावी?

दौतटाक: हे मला ठाऊक नव्हते, परिचयात अवश्य घेईन. पण शीर्षकात बर्फ ठेवू की हिम?

परिमार्जन: आधी ‘छाप’ या शब्दाची व्युत्पत्ती पाहू या.