गिरणेतले सुरय धरणावर बसले : वाढले म्हणायचे की नुसते हलले?

गिरणाकाठ (भडगाव तालुका)
नमस्कार मंडळी. वडिलांची नदीत डांगरवाडी (वाळूतला वेलांचा मळा) असायची, त्यामुळे नदी सुरय या मासे धरणाऱ्या पक्ष्याची अंडी मी शाळेत जायच्या आधीपासून बघतोय. वाळूत नुसता ओंजळीएवढा खोलगा, काडी नाही की पीस नाही, आणि त्यात वाळूच्याच रंगाची, तपकिरी शिंतोडे उडालेली दोन-तीन अंडी. वेलांना पाणी घालताना कोणाचा पाय पडू नये म्हणून वडील घरट्याच्या चारी बाजूंनी तुराट्या रोवायचे.

यंदा मार्चअखेर आमच्या घाटाखाली ११ जोड्या बसल्या होत्या. रोज सकाळी काठावरूनच मोजायचो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धरणातून नदीत पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं. पहाटे काका दारातून ओरडले, "भाऊ, नदीमा पानी उनं!" (नदीत पाणी आलं!) मी पोचेपर्यंत वाळू बुडाली होती. एक नर जोडीदारणीसाठी आणलेला मासा चोचीत धरून त्याच जागेवर फिरत होता. खाली उतरायला काही उरलंच नव्हतं.

मेमध्ये जवळच्या एका धरणावर गेलो, तर पाणी उतरून उघड्या पडलेल्या उंचवट्यावर १३ जोड्या! तिथे याआधी सुरय बसलेले कोणाला आठवत नाहीत. वहीत या वर्षीच्या २४ जोड्या झाल्या. मित्र म्हणतो, पक्षी वाढले, नव्या जागा धरताहेत. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही.

तापी-पूर्णा (भुसावळ)
भाऊ, २४ लिहू नका. पहिली वीण वाया गेली की सुरय त्याच हंगामात पुन्हा अंडी घालतात. तुमच्या ११ मधल्या किती जोड्या त्या १३ मध्ये आहेत, हे पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी असल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. नदी आणि धरण एकाच दिवशी, एकाच वेळी मोजलं तरच बेरीज करता येते. दोन माणसं लागतील, पण तेवढं कराच.

मी हतनूरला जातो. १९८२ साली धरण झालं तेव्हापासून तापी-पूर्णेचा गाळ साचतोय आणि उन्हाळ्यात त्याचे उंचवटे वर येतात. हळदी-कुंकू बदक आणि जांभळी पाणकोंबडी यांना साठलेलं पाणी अन् त्यातली झाडोऱ्याची दाटी मानवते. धरणं झाली तसे ते पसरले, हे खरं. सुरयाचं तसं नाही. त्याला मासे मोकळ्या पाण्यात मिळतात, पण अंड्यांना हवी उघडीबोडकी जमीन, तीही चहूकडून पाण्यानं वेढलेली. कर्नाटकात भद्रा धरणाच्या बेटांवर हजारोंनी सुरय वीण करतात, म्हणजे धरण त्याला वर्ज्य नाही. फक्त बेट शेवटपर्यंत बेट राहायला हवं.

पाटकरी नाना (चाळीसगाव)
जन्म पाटावर गेला, म्हणून पाण्याचं सांगतो. आवर्तन सुटलं की नदीत पाणी चढतं आणि धरणात उतरतं. नदीतलं घरटं बुडतं, धरणातल्या बेटाला काठाकडून वाट फुटते. मग त्या वाटेनं कुत्री जातात, गुरं जातात. तुमच्या उंचवट्याची मान, म्हणजे काठ आणि उंचवटा यांच्यामधला पाण्याचा पट्टा, किती उरली ते आजच बघून या.

दुसरं. पाणी आधीही सुटायचं. पण तेव्हा पात्रात पुरुषभर उंच वाळूचे ढिगारे असायचे, पाणी त्यांच्या कडेकडेनं निघून जायचं. आता उपसा होऊन पात्र सपाट झालंय, तेवढंच पाणी या काठापासून त्या काठापर्यंत पसरतं. लोकांना प्यायला पाणी लागणारच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. ढिगारे राहिले असते तर दोघांचंही भागलं असतं.

पांझरा (धुळे)
तापीवरच्या सारंगखेडा, प्रकाशा बॅरेजच्या (बंधाऱ्यांच्या) वरच्या बाजूला पाणी अडलं की वाळूच झाकली जाते. पक्षी मासे धरताना दिसले म्हणजे तिथे वीणही होते, असं समजू नका.

आणि दुपारी घरट्यांजवळ कोणीही जाऊ नये. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात हे पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. माणूस जवळ गेला की ते उठतात, आणि उघडी अंडी बघता बघता भाजतात.

गिरणाकाठ
नाना, तुमचं ऐकून दुसऱ्याच दिवशी गेलो. मान उरली होती जेमतेम सात-आठ पावलं, गुडघाभर चिखल आणि त्यात कुत्र्यांचे ठसे. ४ घरटी रिकामी. गावातल्या दोन पोरांना घेऊन सूर्य उगवायच्या आत मानेवर आडव्या बाभळीच्या काट्या टाकल्या, दोन रांगांत. उंचवट्यावर पाय ठेवला नाही.

आज आठवा दिवस. ठसे काट्यांपाशी येऊन परत फिरलेत. ९ जोड्या आहेत. दुर्बिणीतून ३ पिल्लं दिसली. एक आईच्या सावलीत बसलं होतं, हललं नसतं तर ढेकूळच वाटलं असतं.

वहीतले २४ खोडलेत. पुढच्या मार्चपासून काका नदीवर आणि मी धरणावर, दोघं एकाच सकाळी मोजणार आहोत.