‘पडीक’ म्हणजे नक्की काय?

रिकामटेकडा (नाव सार्थ आहे, रोज सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर असतो) :
परवा बरोबर चालणारे एक काका म्हणाले, “एवढी जागा पडीक आहे, काहीतरी करायला हवं.” तेव्हापासून शब्द डोक्यात घोळतोय. पडीक म्हणजे पेरायचं सोडून दिलेली जमीन ना? टेकडीच्या माथ्यावर नांगर कधी फिरला होता? मग ती पडीक कशी? आणि ‘मोकळी जागा’ म्हटलं की बिल्डरचे डोळे लकाकतात. गवत, खडक, खुरटी झाडं अशा शहरातल्या जागेला मराठीत काय म्हणायचं?

कुसळ :
माळ. शब्द आहे की आपल्याकडे! इंग्रजांच्या महसुली हिशेबात जी जमीन सारा देत नाही ती वाया, तीच सवय कागदोपत्री अजून आहे. माळावर कुसळी, पवन्या, मारवेल असतं. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तिला झाडं नकोच असतात. आपण मात्र माळ दिसला की खड्डे खणायला घेतो. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेलं गिरिपुष्प मूळ मध्य अमेरिकेचं. गावाकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, हे सांगितलं की वृक्षारोपणवाले जरा गप्प होतात. सालई, गणेर, मेडशिंगी ही इथली झाडं त्या गर्दीत शोधावी लागतात.

नागपुरी :
आमच्याकडे सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असं लिहिलेलं असते. जमीन हलकी, झुडपं वाढलेली, गुरं चारायला ठेवलेली. आता हे जंगल की नुसती झुडपं, यावर किती वर्षं भांडण चाललं! शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही वनजमीनच. विदर्भातल्या हजारो हेक्टरचं भवितव्य एका विशेषणावर अडलं होतं. शब्दांचा कीस पाडता म्हणून हसणाऱ्यांना हे सांगत जा.

शुद्धलेखनवाला :
पुण्यात टेकड्यांवरच्या आरक्षणाचं नावच ‘जैववैविध्य उद्यान’, म्हणजे आपलं बीडीपी (बायोडायव्हर्सिटी पार्क). उद्यान म्हटलं की लोकांना कारंजं, हिरवळ आणि बाकडी हवीतच.

कुसळ :
पण बोरिवलीचंही ‘राष्ट्रीय उद्यान’च आहे, आणि तिथे बिबटे राहतात.

शुद्धलेखनवाला :
मान्य. संस्कृतात ‘उद्+या’ म्हणजे बाहेर निघणं, त्यावरून उद्यान. त्या हिशेबानं रिकामटेकड्यांची टेकडी अस्सल उद्यान ठरते! माझा आक्षेप क्रियापदावर आहे. सरकारी कागदात ‘विकास’, ‘सुशोभीकरण’, फार तर ‘व्यवस्थापन’. रानाला आपलं जुनं क्रियापद ‘राखणे’. कुरण राखतात, देवराई राखतात. राखणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे : वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा, काढायची, गवताची कापणी बी झडल्यावर करायची, घाणेरीची उपरी झुडपं उपटायची, आणि बाकी हात आवरायचा.

रिकामटेकडा :
‘राखणे’ पटलं. ‘रान’ मात्र जपून वापरा. आमच्या सोलापूरकडे “बाबा रानात गेलेत” म्हणजे शेतात गेलेत.

नागपुरी :
अन् ‘कुरण’ही सांभाळून. पेपरात ते फक्त भ्रष्टाचाराचंच असते.

रिकामटेकडा :
काकांना उद्या ‘माळ’ सांगून बघतो. म्हणतील, “मग माळावर बाकडी टाकू या.”