विषय: गावी सरावासाठी लाकडी मारिंबा

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये आम्ही कायमचे वडशाजवळच्या गावी परततोय. लेक इथल्या शाळेत मारिंबा (लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) शिकली, तिकडे तो सुटू नये एवढीच इच्छा. पाच सप्तकांचा आवाक्याबाहेर आहे. स्वस्तातला पण खरा लाकडी कुठला बघावा?

—

ताई, नमस्कार.
पाच सप्तकांच्या मागे लागूच नका. ६१ पट्ट्यांचं ते धूड रंगमंचासाठी. घरी तीन सप्तकं, म्हणजे ३७ पट्ट्या, भरपूर झाल्या. होंडुरास रोझवुड महाग पडतं, पडौक घ्या. आपल्या झाडीपट्टीतल्या बिजा झाडाच्याच कुळातलं लाकूड, लालसर आणि टणक.

पैसा पट्ट्यांवर घाला. भंडाऱ्याकडे परतल्यावर मी नातवासाठी स्वस्तातलं एक वाद्य घेतलं, त्याच्या निम्म्या पट्ट्या नुसत्या ‘टक’ करून गप्प व्हायच्या. दोरी ओवायची भोकंच चुकली होती. पोराचा हिरमोड झालेला अजून डोळ्यांसमोर आहे. पट्टी वाजताना दोन्ही टोकांपासून साधारण २२ टक्के लांबीवर स्थिर असते. दोरी तिथूनच जायला हवी. पट्टीवर बारीक मीठ भुरभुरा आणि मधोमध हलक्या हाताने मॅलेट (वाजवायची काठी) मारत राहा. मीठ थरथरत सरकतं आणि दोन आडव्या रेघांत गोळा होतं. रेघा भोकांवर आल्या नाहीत तर ते वाद्य सोडा. पट्टी उलटूनही बघा: खाली कमान कोरलेली हवी. तिच्यामुळेच मूळ सुरासोबत उमटणारा वरचा सूर त्याच्या बरोबर दोन सप्तकं वर बसतो.

सांगाडा गावच्या सुताराकडून सागाचा करून घ्या. पट्ट्यांखालच्या, आवाज घुमवणाऱ्या नळ्या शेतीच्या पीव्हीसी पाइपाच्या चालतात, खालचं तोंड बंद करून. मधल्या सी-ला साधारण ३२ सेंटीमीटर. मे महिन्यात मात्र टिनाखाली ठेवू नका, लाकूड तडकेल.

—

काका, काल एका जुन्या पडौकच्या वाद्यावर मीठ टाकलं. लेक ठोकत होती, मी वाकून बघत होते. रेघा अगदी भोकांवर! पण ते ४४२ वर (ए सुराचे हर्ट्झ) लावलंय आणि सासऱ्यांची भजनाची पेटी ४४० ची आहे. घ्यावं का?

—

घ्या. एकटीच्या सरावाला काहीच अडत नाही. पेटीसोबत लांब सूर धरला की आवाज कमी-जास्त होणारी लहर ऐकू येईल, पण तेवढ्यासाठी पट्ट्या सुताराला घासू देऊ नका. कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. सांगाडा तिथेच सोडा, फक्त पट्ट्या आणा. दोरी काढण्याआधी प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलने क्रमांक घाला.